उन्हाची पावती

मीटर वाचायला गच्चीवर जाताना
मी चपला खाली काढतो.
देवाबिवाचं काही नाही,
वाघोलीच्या खडीची धूळ तळव्यांना आधी कळते,
आणि धूळ कळली
की आज युनिटं किती पडणार तेही कळतं.

हमीद तांबोळी सहाला पाट्या पुसतो.
जुन्या नऊवारीचा बोळा, अर्धी बादली.
उन्हं तापल्यावर पाणी मारायचं नाही,
म्हणतो, तव्यावर शिंतोडा उडवल्यासारखं होतं.

एकेचाळीस घरं, थोपट्यांची पिठाची गिरणी,
पाण्याची मोटर, गेटवरचे चार दिवे:
एवढीच आमची वीज संस्था.
अध्यक्ष पद्मजा चांदेरे.
हिशेब माझ्याकडे, कारण टपाल खात्यात
छत्तीस वर्षं मी शिक्के मारले,
आणि लोकांना वाटतं, शिक्केवाला चुकत नाही.

हजार युनिटांचं एक प्रमाणपत्र.
पौषात बावीस दिवसांत होतं.
भाद्रपदात महिना उलटला तरी
आकडा नऊशे त्र्याण्णववर थांबतो,
रांगेत आपल्या पुढचा माणूस
सुट्टे शोधत बसावा तसा.
त्या सात युनिटांसाठी दोन दिवस मी
आभाळाकडे थकबाकीदाराकडे बघावं तसं बघितलं.

हजार भरले की कागद होतो.
तो हिंजवडीतलं कुणीतरी विकत घेतं.
वीज इथेच राहते, इथेच ज्वारी दळते,
जातो तो फक्त कागद.
त्या पैशांत मागल्या वर्षी मोटरीचं वाइंडिंग झालं,
बोळातले दोन दिवे आले.

आणि गेटवर पाटी लागली:
‘येथे सूर्याची वीज वापरली जाते.’
थोपट्यांच्या शलाकानं रंगवलेली,
‘सू’ आधी ऱ्हस्व, मग खाडाखोड करून दीर्घ.

मग तपासनीस आले. चहा घेतला. पाटी वाचली.
म्हणाले, हे आता लिहिता येत नाही.
कागद विकलात ना?
ज्यानं घेतला, त्याची वीज उन्हाची.
आणि आमची?
त्यांनी कप बशीत ठेवला.
तुमची नुसतीच वीज.

मला तिकीट आठवलं.
शिक्का बसला की परत चिकटवता येत नाही,
भिजवून सोडवलं, उशीखाली वाळवलं, तरी नाही.
असे कितीजण मी पकडले, दंड घेतला.
आणि आता मीच गच्चीवर,
पाठ भाजेपर्यंत उन्हात उभा,
वहीत लिहितो: विकले.

शलाकानं विचारलं, मग आपली वीज कशाची?
पद्मजाताई म्हणाल्या, कागदावर? कोळशाची.
आणि गच्चीवर?
हमीदनं बोळा पिळला.

रविवारी गिरणीच्या शेडमध्ये सभा.
थोपटे म्हणाले, मोटर पुन्हा जळली
तर काय पाटी पाणी चढवणार?
खरं होतं ते. कुणी काही बोललं नाही.
मग आसावरी गुरव म्हणाली,
वर्षाला सोळा कागद होतात, एक ठेवू या.
एकोणीस विरुद्ध सतरा,
पाच घरं शिरूरला लग्नाला.

ठराव असा:
पौषातला एक कागद विकायचा नाही,
आपल्याच नावावर रद्द करायचा.
रद्द हा त्यांचाच शब्द.
सभेत दोघे दचकले, मी नाही दचकलो.
रद्द म्हणजे वाया नव्हे,
ज्यासाठी होतं त्यासाठी लागलं, एवढंच.

शलाकानं पाटीवर बारीक अक्षरांत
मध्येच एक शब्द घुसवला:
‘येथे पौषात सूर्याची वीज वापरली जाते.’
येणारेजाणारे हसतात.
एकानं विचारलं, आणि आषाढात?
वॉचमन म्हणाला, आषाढात हिंजवडीला जाते.

थोपटे अजून माझ्याशी बोलत नाहीत.
सकाळी साडेदहाला ते गिरणीचा खटका ओढतात,
इथे वर मीटरवरचे आकडे सरसर पळू लागतात.
मी वही उघडतो.
तेवढंच आमचं बोलणं.